बदकमावशीचा पवित्रा

सापांना तोंड द्यायला प्राणी तालमीत जायचे, तेव्हाची गोष्ट. दगडू मुंगूस सकाळी अंगाला तांबडी माती चोळत होता, तेवढ्यात खारीने बातमी आणली, "वस्ताद गेले."

तालीम दगडूकडे आली. त्याला छत्तीस डाव येत; नवख्यांना पवित्रा शिकवणं मात्र त्याला कमीपणाचं वाटे. "बाराखडी घोटवायला मी रिकामा आहे का?" असं तो वस्तादांनाही सुनावायचा.

त्याच दिवशी बदकमावशी आली. "घरट्यात अंडी आहेत, बांधावर नाग दिसलाय. निदान उभं राहायला तरी शिकवा, वस्ताद."

दगडूने ऐटीत पवित्रा घेतला. "टाच जमिनीला टेकलेली हवी. म्हणजे मागे सरताना तोल जात नाही."

मावशीने मान वाकडी केली. "मग तुमची का हो वर?"

"तो सदतिसावा डाव आहे!" दगडू गुरकावला.

पण शिकवण्यासाठी तोच पवित्रा त्याला शंभरदा सावकाश करावा लागला. शंभराव्या वेळी टाच टेकली, आणि आयुष्यात प्रथमच तो मागे सरताना अडखळला नाही.

आठवड्याने नाग आला. त्याने फणा मारला. मावशी न डगमगता मागे सरली आणि तिने चोचीचा असा टोला हाणला की नाग बांधापार पळाला. अंडी वाचली. सगळे दगडूच्या शिकवणीचे गोडवे गाऊ लागले. दगडूनेही ते मान डोलावून ऐकले.

टाचेचं मावशीचं म्हणणं खरं होतं, हे तिला सांगायचं मात्र राहून गेलं.