सायाळीच्या बिळातला दगड

खूप वर्षांपूर्वी माळावर ऐकलेला ‘ठण्’ असा आवाज अजून माझ्या कानात आहे. दिवस भरत आलेली सायाळ बीळ खणत होती. एक गोल दगड सुटून खाली आपटला, दुभंगला आणि आतले पांढरे स्फटिक लखलखले.

सायाळ घाबरली. तिनं म्हाताऱ्या घोरपडीला बोलावलं. अशाच दगडांसाठी माणसांनी घोरपडीचा डोंगर फोडून नेला होता.

“मावशी, हे काय आहे? माझ्या पिलांना बाधणार तर नाही ना?”

“सांग की गं, तोंड का शिवलंय?” मागून घूस म्हणाली. “मी आत्ताच गावात सांगून येते.”

घोरपडीनं सायाळीच्या पोटाकडे पाहिलं, दगडावर हळूहळू माती लोटली आणि काही न बोलता निघून गेली.