वारुळाची आई आणि हव्यघोषाची उखा

कृतयुग सरून त्रेतायुगाला आरंभ होत होता, त्या काळातली ही कथा. विंध्य पर्वताच्या दक्षिणेला, शाल्मली नावाच्या नदीच्या काठी, मृण्मयी देवीचे क्षेत्र होते. क्षेत्र म्हणावे तर तिथे मंदिर नव्हते, शिखर नव्हते, मूर्तीही नव्हती. नदीपासून थोड्या उंचवट्यावर, शिरीष वृक्षांच्या सावलीत, दोन पुरुष उंचीचे एक तांबडे वारूळ होते, आणि त्या वारुळालाच तिथले लोक आई म्हणत. हळदीने माखलेले ते वारूळ दुरून पाहिले, तर डोक्यावरून पदर घेऊन निवांत बसलेल्या वृद्धेसारखे दिसे. तिच्या पूजेला मंत्र नव्हते. पीक घरात आले की प्रत्येक घरची कर्ती स्त्री स्वतःच्या हाताने एक घट घडवी, भट्टीत भाजी, त्यात माती भरून धान्य पेरी आणि नऊ दिवस तो आईपाशी ठेवी. पुरुष लाकडे आणत, पाणी भरत, ढोल वाजवत. मातीला हात मात्र बायकांचाच लागे. जन्म देणारीचे काम जन्म देणारीने करावे, याहून अधिक कारण कोणी कधी विचारले नव्हते.

या पूजेची राखण कर्दमी नावाच्या स्त्रीकडे होती. तिने साठी ओलांडली होती. तिच्या आधी तिची आई, तिच्या आधी आजी, अशा चौदा पिढ्या त्या वारुळापाशी उठल्या-बसल्या होत्या. कर्दमीला चार शब्द बोलल्यावाचून घास उतरत नसे, पण हात मातीत गेले की ती गप्प होई, आणि तेवढ्या वेळात गावाने तिच्याशी वाद घालू नये असा संकेतच पडून गेला होता.

अशा त्या शांत प्रदेशात एके दिवशी उत्तरेकडून हव्यघोष मुनी आले. मस्तकी जटाभार, अंगावर कृष्णाजिन, डोळ्यांत तपाचे तेज आणि वाणी अशी, की ते 'अग्ने' म्हणून हाक घालत तेव्हा गायी चरणे सोडून मान वर करीत. त्यांच्या मागे साठ शिष्य होते, आणि सर्वांच्या पुढे, तांब्याच्या पात्रात धगधगते निखारे घेऊन, त्यांची पत्नी वसुश्री चालत होती. तो अग्नी बारा वर्षे विझला नव्हता. आता तो एक वर्ष मातीच्या पात्रात राहायचा होता. त्या पात्राला उखा म्हणतात. वर्ष पुरे झाले, की तो महावेदीवर स्थापन व्हायचा होता.

मुनी वाईट नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. त्यांनी गावाला नक्षत्रे ओळखायला शिकवली, ताप उतरवणारी मुळी दाखवली, भांडणे मिटवली. परंतु संध्याकाळी ते प्रवचन करू लागले, की एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत.

"हे जन हो," ते म्हणत, "प्रजापती हा सर्वांचा पिता. त्याच्या तपातून ही सृष्टी झाली. बीज हेच प्रभू. भूमी हे केवळ त्याचे भांडे. भांड्याची पूजा करणारे तुम्ही, भांडे भरणाऱ्याला कसे विसरलात?"

हे ऐकताना गावातल्या पुरुषांच्या पाठी थोड्या ताठ होत. दोन महिन्यांत ढोल वाजवणारे हात आखडले. मग एका सकाळी गावाचा मुख्य, ग्रामणी शंखक, म्हणजे कर्दमीच्या भावाचाच मुलगा, तिच्या अंगणात येऊन उभा राहिला आणि बराच वेळ शिरीषाच्या शेंड्याकडे पाहत राहिला.

"झाडावर काय आहे रे?" कर्दमीने विचारले.

"काही नाही, आत्ये."

"मग खाली बघून बोल. जे बोलायला आलास ते झाडाला सांगायचे नाही ना?"

"आत्ये, मुनींना महावेदीसाठी जागा हवी आहे. नदीजवळची, उंच, उत्तरेला उताराची. तशी जागा... एकच आहे."

"आणि तिथे आई बसली आहे."

"आईला आपण दुसरीकडे बसवू. मोठे पीठ बांधू. मुनी म्हणतात, या यज्ञाने गावाला स्वर्ग मिळेल."

"स्वर्गात जाऊन तू काय करणार? इथे तुला स्वतःच्या शेताची वाट सापडत नाही!" कर्दमी म्हणाली, पण तिच्या हातातला ओला गोळा मात्र घसरून खाली पडला. वारूळ उकरायचे म्हणजे काय, हे तिला कळत होते. ती तशीच उठली आणि चिखलाच्या हातांनी आश्रमाच्या दारी गेली.

मुनी उठून सामोरे आले. "आर्ये, ये. तुझा क्षोभ मी जाणतो."

"तपोधना, क्षोभ नंतर करीन. आधी एक विचारते. तुझा अग्नी एवढा मोठा, तर तो राहणार कशात?"

"मातीच्या उखेत. ती मी स्वहस्ते घडवीन, याच वारुळाच्या पायथ्याच्या मातीची. कारण तीच पृथ्वीवरील सर्वांत पवित्र माती होय."

"म्हणजे भांडे माझ्या आईचेच लागणार!"

शिष्य हसू लागले. मुनींनी हात वर करताच थांबले. "भांडे लागते, हे मी कधी नाकारले? परंतु ते कोणीही घडवील. त्यात कोणते गूढ आहे?"

"तर मग घडव. पौर्णिमेपर्यंत तीन उखा कर. एकीतही तुझा अग्नी एक दिवस टिकला, तर मी माझ्या हाताने कुदळ घेऊन वारूळ सपाट करीन. आणि नाही टिकला, तर वेदी दुसरीकडे बांध."

"तथास्तु," हव्यघोष म्हणाले. आत्येच्या मागोमाग आलेल्या शंखकाने कपाळाला हात लावला.

मग मुनींनी माती आणली. मंत्र म्हणत पाणी शिंपडून तिचे प्रोक्षण केले, ती उन्हात वाळवली, आणि अशुद्धाचा कणही राहू नये म्हणून सात वेळा चाळली. वाळू गेली, खडा गेला, मुळांचे तंतू गेले. उरली ती लोण्यासारखी मऊ, निर्मळ माती. तिची त्यांनी इतकी रेखीव उखा घडवली, की शिष्यांनी तिच्यावर स्तोत्र रचले. भट्टीत तिचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या वेळी मुनींनी उपवास केला आणि माती चौदा वेळा चाळली. तिचे पाच तुकडे झाले.

त्याच दुपारी वसुश्री ताक मागण्याच्या निमित्ताने कर्दमीकडे आली. कर्दमी एका दगडावर जुनी खापरे कुटून त्यांचे पीठ करीत होती. वसुश्री पाहत राहिली.

"आई, ही फुटकी खापरे कशाला?"

"घटात घालायला."

"नव्या घटात जुने, फुटलेले? आमच्याकडे फुटके भांडे घराबाहेर टाकतात."

"म्हणून तर तुमच्याकडे भांडी फुटतात!" कर्दमी हसली आणि ताकाचे भांडे तिच्यापुढे सरकवले. "नुसती माती आगीपुढे आकसते, मुली, आणि तडकते. तिला धरून ठेवायला खरखरीत काहीतरी लागते. थोडी वाळू, शेळीचे केस, आणि हे पीठ. यात माझ्या आईच्या घटाचे खापर आहे, तिच्या घटात तिच्या आईचे होते."

वसुश्रीने ते पीठ चिमटीत घेऊन पाहिले आणि म्हणाली, "मी त्यांना सांगू?"

"सांग की. मी काही लपवले नाही. मला कोणी विचारले नाही, एवढेच."

वसुश्रीने सांगितलेही. पण हव्यघोष म्हणाले, "प्रिये, अग्नी देवांचे मुख आहे. त्याच्या आसनात मी उकिरडा मिसळू?" आणि त्यांनी तिसऱ्यांदा माती चाळली.

पौर्णिमेच्या पहाटे तिसरी उखा भट्टीतून अखंड निघाली. साठ कंठांतून जयघोष उठला. कर्दमी ते ऐकून अंगणात उभी राहिली आणि तिने कोपऱ्यातल्या कुदळीकडे पाहिले. शब्द दिला होता. तो ती मोडणार नव्हती. भाजून तयार झालेला, अजून न पेरलेला आपला घट तिने काखेत घेतला, आईचा निरोप घेताना हाती काहीतरी असावे म्हणून, आणि ती उंचवट्यावर आली. सगळा गाव तिथे जमला होता.

सूर्य उगवताच मुनींनी अग्नी उखेत ओतला आणि विधीप्रमाणे तांब्याचे पात्र शाल्मलीच्या डोहात विसर्जित केले. मंत्रघोष आकाशाला भिडला. सूर्य माथ्यावर आला, आणि मुनी पूर्णाहुतीसाठी तूप ओतीत असताना, सुकी काटकी मोडावी तसा एक आवाज झाला.

उखा तळातून उभी चिरली. निखारे प्रोक्षणाने भिजलेल्या जमिनीवर सांडले आणि फुसफुसत काळे पडू लागले. शिष्य मागे सरले. नवे पात्र कोणापाशीच नव्हते. "पाणी पुसा!" "वाळू आणा!" असा गोंधळ माजला. एकटी वसुश्री पुढे धावली आणि उघड्या ओंजळीने निखारे उचलू लागली. "बारा वर्षे," ती म्हणत होती, "बारा वर्षे मी याला झोपेतही विझू दिला नाही!"

कर्दमी जिंकली होती. नुसते उभे राहिले असते, तरी पुरे होते. अग्नी विझला असता, मुनी उत्तरेला परतले असते आणि गावात पुन्हा ढोल वाजले असते. हा विचार तिच्या मनात आला, हेही खरे आहे. मग तिला वसुश्रीच्या भाजणाऱ्या हातांचा वास आला.

ती पुढे झाली आणि तिने आपला घट त्या ओंजळीखाली धरला.

"कर्दमी, अगं तो आईचा घट!" मागून बायका ओरडल्या.

"आईच्या घरात चूल पेटली, तर ती रागावेल होय?" कर्दमी म्हणाली. "फुंकर घाला आधी. बोलू नंतर."

निखारे घटात पडले. वसुश्रीने वेदना सोसत फुंकर घातली. राखेखाली एक तांबडा डोळा उघडला, दुसरा उघडला, आणि ज्वाला सरळ उभी राहिली. घट तापला, काळवंडला, पण तडकला नाही. सूर्य मावळला, उगवला आणि पुन्हा माथ्यावर आला, तरी तडकला नाही. तेवढा वेळ हव्यघोष त्याच्यासमोर बसून होते. शेवटी त्यांनी हात जोडले.

"आर्ये, ज्याला मी मळ म्हणून चाळून टाकले, त्याच्याच आधाराने माती माती राहते. हा दोष मातीचा नव्हता, माझ्या चाळणीचा होता. वेदी मी पूर्वेला, खालच्या अंगाला बांधीन."

तेव्हा त्या वारुळातून, भूमीच्या पोटातून यावा तसा, गंभीर आणि प्रसन्न स्वर उमटला. "हव्यघोषा, तुझ्या स्तोत्रांत पित्याचे नाव पहिले घे, त्याचा मला राग नाही. पृथ्वीचे आयुष्य मोठे आहे, तिला नावाची घाई नसते. परंतु ऐक. आजपासून या काठावर अग्नीचे पात्र स्त्रीच्याच हातचे असेल. तिने ते आपल्या हाताने पुढे केल्यावाचून तुमच्या कोणत्याही मंत्राने अग्नी येणार नाही. हा तुला शाप वाटला तर शाप, आणि वर वाटला तर वर."

"वर, माते," हव्यघोष म्हणाले.

"आणि कर्दमी, तुला काय हवे?"

कर्दमीने वसुश्रीचे भाजलेले हात आपल्या मांडीवर घेतले होते आणि ती त्यांना कोरफडीचा गर लावीत होती. "आत्ता काही नको," ती म्हणाली. "फार तर हिचे हात लवकर बरे कर. पुढच्या वर्षी हिला घट शिकवायचा आहे."

पुढे हव्यघोषांच्या वंशजांनी मोठे ग्रंथ रचले. त्यांत पित्यापासून पुत्रापर्यंत ऐंशी पिढ्यांची नावे आहेत, यज्ञाचे माप आहे, दर्भाची संख्या आहे. कर्दमीविषयी 'कोणी एक वृद्धा' एवढाच उल्लेख येतो. परंतु शाल्मलीच्या काठी वारूळ जागच्या जागी आहे आणि वेदी त्याच्या खालच्या अंगाला. यज्ञाच्या दिवशी सर्व तयारी झाली, ऋत्विज बसले, मुहूर्त येऊन ठेपला, की सगळा मंत्रघोष थांबतो आणि ते विद्वान पुरुष यजमानाच्या पत्नीकडे तोंड करून, ती पात्र पुढे करीपर्यंत, गप्प बसून राहतात. ग्रंथात या थांबण्याला मंत्र दिलेला नाही. ती कधी कधी मुद्दाम थोडा उशीर लावते, असे तिथले लोक हसत सांगतात.