म्हादबाच्या घराचा उंबरठा

आंबेखोल गावाच्या वेशीजवळ टोपल्या विणणारा म्हादबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. सांगितलेली गोष्ट तो कधी विसरत नसे. सारे संकट तेवढेच होते.

म्हादबाला आणि त्याच्या पत्नीला, चांगुणेला, मूल नव्हते. तालुक्याच्या बालगृहातून एक मुलगी दत्तक घ्यावी, असे दोघांनी ठरवले. परंतु मुलगी देण्यापूर्वी घर आणि घरातील माणसे पाहायला बालगृहाच्या विभावरीताई येणार होत्या. त्यांनी होकार दिला तरच मुलगी मिळणार होती. चांगुणेने पाळणा केव्हाच टांगला होता. रिकामा पाळणा ती रोज पुसत असे.

ताईंनी निरोप धाडला की, विशेष तयारी नको. मी आलेच नाही असे समजा आणि नेहमीसारखे वागा.

ताई आल्या तेव्हा चांगुणा गिरणीवर गेली होती. पायरीवर उभे राहून ताईंनी हाक मारली. म्हादबाने ओ दिली नाही. जे माणूस आलेच नाही, त्याला ओ कशी द्यावी? त्याने खळखळून चूळ भरली, रोजच्याप्रमाणे पायरीवर टाकली आणि दार लावून तो झोपला.

चांगुणा परतली. ताईंचे ओले लुगडे पाहून तिने कपाळाला हात लावला. ताई म्हणाल्या, पुन्हा येईन. त्या गेल्यावर चांगुणेने नवऱ्याला बजावले, “अहो, दारात येईल त्याला देव समजावे. आत बोलवावे, पाटावर बसवावे, गूळपाणी द्यावे.”

“एवढेच ना?” म्हादबा म्हणाला.

पुढच्या खेपेस ताईंच्या आधी वानरांची टोळी आली. ताई आत शिरल्या, तेव्हा थोरला हुप्प्या पाटावर बसून गूळ खात होता आणि त्याचे कुटुंब पाळण्यात झोके घेत होते.

“हे काय, म्हादबा?”

“देव आहेत, ताई. हळू बोला, पोरे आत्ताच निजली आहेत.”

ताईंनी पदर सावरला आणि समजावले की, घरात लहान मूल येणार. असा कोणी आगंतुक आला तर काठी घ्यावी आणि त्याला वेशीपर्यंत पळवून लावावे. आता एकच भेट उरली आहे, असेही त्यांनी सांगितले. म्हादबाने त्याच दिवशी काठी तासली.

शेवटच्या भेटीच्या दिवशी सर्वांत आधी आल्या त्या म्हादबाच्या सासूबाई. नातीसाठी झबली आणि लेकीसाठी लाडू घेऊन आल्या होत्या. म्हादबाने काठी उचलली. ताई पोहोचल्या, तेव्हा लाडू अंगणभर पसरले होते, म्हादबा पेरूच्या झाडाखाली उभा होता आणि सासूबाई झाडावर होत्या.

“मेल्या,” सासूबाई वरून म्हणाल्या, “आधी विचारावे, कोण तुम्ही, कोणाकडे आलात? उत्तर मिळाले तर आत घ्यावे. उत्तर नाही मिळाले तर उंबरठा ओलांडू देऊ नये.”

आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या चांगुणेच्या डोळ्यांत पाणी आले. आता पाळणा उतरवावा लागणार, हे तिने ओळखले. ताईंनी मात्र म्हादबाला एकच प्रश्न विचारला. मूल रडू लागले आणि का रडते ते कळेना, तर काय कराल?

“त्यालाच विचारीन,” म्हादबा म्हणाला. “सांगता येत नसेल, तर सांगता येईपर्यंत मांडीवर घेऊन बसेन.”

 ताईंनी होकार दिला.

यथावकाश मुलगी मिळाली. चांगुणा आणि सासूबाई दुधाची बाटली घ्यायला बाजारात थांबल्या आणि म्हादबा मुलीला घेऊन पुढे आला. दिवे लागण्याच्या सुमारास दोघी घरी पोहोचल्या, तो अंगणात चूल, अंगणात भांडी, अंगणात अंथरूण. पाळणा पेरूच्या फांदीला टांगलेला. मुलगी म्हादबाच्या मांडीवर बसून त्याची मिशी ओढत होती.

“अहो, हे काय मांडले आहे?”

“उंबरठ्यावर हिला विचारले, कोण तुम्ही, कोणाकडे आलात? ही नुसती हसते. उत्तर नाही, तर आत कसे घ्यावे? आणि एकटीला बाहेर कसे ठेवावे? बोलू लागेपर्यंत आपणच बाहेर राहू.”

घरातून कसलासा आवाज आला.

“मग आत कोण आहे?” सासूबाईंनी विचारले.

“शेजारच्या गोदाक्कांची शेळी,” म्हादबा म्हणाला. “तिला विचारले. तिने लगेच उत्तर दिले.”