पाण्याची चिठ्ठी

अख्खं कासारपूर सोनतळ्याचं पाणी पितं. तळ्याकाठी औषधांचा कारखाना आला आणि त्याचं सांडपाणी तळ्यात येऊ लागलं. मासे मरून तरंगू लागले. मासे विकणाऱ्या गोजराबाई भोईंच्या पायाची जखम तीन महिने कुठल्याच गोळीला दाद देईना. तळ्याच्या पाण्यातून जंतूंना औषधांची सवय झालीय, असं दवाखान्यात सांगितलं, तेव्हा गोजराबाईंनी तहसीलदारांकडे तक्रार केली.

सुनावणीला कारखान्याचे प्रमुख डॉक्टर बेडेकर तहसीलदारांसमोर ऐटीत उभे राहिले.

"मावशी, उगाच घाबरू नका. आमच्याकडून पाण्यात जातं ते विष नाही, औषध आहे. तेही किंचित. औषधानं कधी कुणाचं वाईट होतं का?"

गोजराबाई लंगडत पुढे आल्या.

"मग साहेब, आम्हाला चिठ्ठी लिहून द्या. माझ्या सुनेला सातवा महिना लागलाय, तिनं किती पाणी प्यायचं? शेजारचं लेकरू वर्षाचं नाही, त्याला किती चमचे? जेवणाआधी की जेवणानंतर? आणि खाली सही करा."

तहसीलदारांनी कागद पुढे सरकवला. "लिहा, डॉक्टर."

बेडेकरांनी पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"माणूस न तपासता औषध कसं लिहून देणार?" ते पुटपुटले.

"जे लिहून देता येत नाही, ते पाजता कसं येतं, साहेब?"

बेडेकरांनी पेन पुन्हा उघडलं. ते तहसीलदारांना म्हणाले, "सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा बसेपर्यंत आमचा नाला बंद राहील. हे मात्र लिहून देतो."