उरलेल्या कुंच्या

एका डोंगराळ मुलखात भद्रसेन नावाचा राजा राज्य करत होता. मनाचा चांगला, पण कानाचा हलका आणि स्वभावानं भारी उतावळा. सकाळी त्याच्या मनात काही आलं, की दुपारी त्याची दवंडी पिटलीच म्हणून समजा.

त्या राज्यात एक गोड रिवाज होता. कुणाच्या घरी बारसं झालं, की त्या घरातली सासू सुपात घुगऱ्या घेऊन राजवाड्यावर यायची. राणीसाहेब घुगऱ्या ठेवून घ्यायच्या आणि रिकाम्या सुपात बाळासाठी एक कुंची घालायच्या. त्यासाठी राजवाड्यातल्या बायका वर्षभर कुंच्या शिवत बसायच्या. पूर्वी त्या पुरायच्या नाहीत. त्या वर्षी मात्र दिवाळी उलटली तरी कुंच्यांचा पेटारा भरलेलाच होता. राजानं झाकण उघडून पाहिलं आणि तडक दरबार गाठला.

"अरे, पोरंच जन्मली नाहीत तर उद्या शेतं कोण कसणार? आणि मी राज्य करायचं ते कुणावर, माकडांवर?"

सेनापती रणोजी पुढे सरसावला. राज्याच्या सीमेवर नवा गड बांधायचं काम त्याच्याकडे होतं आणि राजाचा त्याच्यावर फार विश्वास. तो म्हणाला, "महाराज, आजकालची पोरं सुखाला सोकावलीत. पोरी नखरेल झाल्यात. जरा चाप लावा."

झालं! राजानं तिथल्या तिथे हुकूम ठरवला. लग्नाला पाच वर्षं होऊनही ज्या घरात पाळणा हलला नाही, तिथल्या नवऱ्यानं दुसरी बायको करावी. ज्यानं लग्नच केलं नाही, त्याला वडिलांच्या शेतात वाटा नाही.

दरबारानं माना डोलावल्या. एकट्या कारभारी रंगोपंतांच्या पायांखालची जमीन सरकली. त्यांची लेक द्वारका शेजारच्याच गावात दिली होती. तिच्या लग्नाला पाच वर्षं कधीच उलटून गेली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. जावई सदाशिव सोन्यासारखा माणूस. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. त्या घरात आता सवत येणार?

रंगोपंतांनी हात जोडले. "महाराज, वैद्यसुद्धा आधी नाडी बघतो, मग काढा देतो. पाळणे का हलत नाहीत, ते लोकांना विचारून येतो. पौर्णिमेपर्यंत मुदत द्या."

राजा म्हणाला, "दिली. पण पौर्णिमेला दवंडी पिटणार म्हणजे पिटणार."

रंगोपंत निघाले. निघाले तेही कसे, तर घोड्यावर बसून, पुढे भालदार, मागे चोपदार! गावात शिरले, पारावर गादी टाकली, सगळ्यांना गोळा केलं आणि दरडावून विचारलं, "तुम्हांला मुलं का होत नाहीत?" आता अशा प्रश्नाला चारचौघांत कोण उत्तर देईल? बायांनी पदर पुढे ओढले. बाप्ये जमीन उकरत राहिले. एक म्हातारा तेवढा म्हणाला, "देवाची मर्जी, सरकार." पुढच्या गावात देवाची मर्जी, त्याच्या पुढच्या गावातही देवाचीच मर्जी. रंगोपंत तोंड पाडून घरी परतले.

त्यांची बायको सगुणाबाई हे ऐकून कपाळावर हात मारून घेत म्हणाली, "अहो, काही रीत आहे का नाही? असं कुणी भाल्यांच्या पहाऱ्यात घरातलं सांगतं का? ते भालदार ठेवा इथंच. मी येते तुमच्याबरोबर."

मग दोघं पायी हिंडू लागली. सगुणाबाई बायांबरोबर खळ्यावर बसे, जात्याला हात लावी. रंगोपंत बांधावर बसून पुरुषांबरोबर कांदा-भाकर खात. विचारायचं थोडं, ऐकायचं फार. आणि काय सांगू, लोक बोलू लागले!

एक बाई म्हणाली, "माझ्या सासूची पाच झाली, त्यातली दोन जगली. माझी दोन झाली, दोन्ही जगली. आता आणखी कशाला?"

एक मुलगी म्हणाली, "माझी आई पंधराव्या वर्षी मला जन्म देताना गेली. मी जरा हाडापेरानं भरते, मग उभी राहीन बोहल्यावर."

एका अंगणात तर चक्क पाळणा हलत होता! सगुणाबाईनं विचारलं, "अगं, मग कुंची न्यायला का नाही आलीस?" ती पोर ओशाळून म्हणाली, "आम्ही वेगळे राहतो. सासूबाई रुसल्यात. सूप घेऊन सासूनंच जायचा रिवाज. मग जाणार कोण?" अशी घरं एक ना दोन, बरीच निघाली. तिथं बाळं होती आणि राजवाड्याला त्यांचा पत्ताच नव्हता.

पण सगळ्यांत जास्त जे ऐकू आलं, ते वेगळंच होतं. तरण्या बाया म्हणत, "मूल नको असं का कुणाला वाटतंय? पण आत्ता नको. घरधनी गडाच्या वेठीला. पेरणीला येतो, गौरी जेवल्या की परत दगड वाहायला जातो. बाळंतपणात हाताशी कोण आहे?" ज्यांची लग्नं ठरली होती त्यांचीही तीच तऱ्हा. नवरदेवच गडावर, तर हळद कुणाला लावायची? वेठ संपेल तेव्हा बघू, म्हणून सगळे थांबले होते.

रंगोपंतांनी सगुणाबाईकडे पाहिलं. दोघांच्याही ते ध्यानात आलं. पाळणे अडले होते ते राजाच्याच वेठीच्या हुकमानं.

ही कुणकुण रणोजीला लागायला वेळ लागला नाही. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी तो रंगोपंतांच्या ओसरीवर येऊन बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "पंत, उद्या दरबारात गडाचं नाव काढू नका. पोरंपोरी माजलीत, एवढंच सांगा. तुमच्या द्वारकेला या हुकमातून मी वगळून घेतो. माझा शब्द."

तो गेला आणि रंगोपंतांना जेवण गोड लागेना. बाप तो बापच. एका खोट्या वाक्यात लेकीचा संसार वाचत होता. खरं बोलावं तर राजा खवळणार, आणि मग हुकूमही निघणार आणि कारभारीपणही जाणार. त्यांनी ताट सरकवलं. "काय करू गं? माझी एकुलती एक लेक आहे."

सगुणाबाईचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. "मलाही एकच आहे. पण माझ्याशेजारी खळ्यावर बसून ज्यांनी पोटातलं सांगितलं, त्या कुणाच्या लेकी होत्या?"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. बाहेर दवंडीवाला ढोलकं घेऊन तयारच होता. रंगोपंतांनी सगळं सांगितलं. जी बाळं जन्मून राजवाड्याला कळली नाहीत तीही सांगितली. पाळणे खरोखरच कमी झालेत, हेही लपवलं नाही. आणि शेवटी गडाची वेठ सांगितली.

रणोजी ओरडला, "थापा आहेत या! पोरं आळशी झालीत!"

"आळशी पोरं आठ आठ महिने गडाचे दगड वाहत नाहीत, सेनापती," रंगोपंत म्हणाले.

राजाचा चेहरा लाल झाला. "म्हणजे पंत, दोष माझा?"

"महाराज, मुलं का नाहीत म्हणून आपण सगळ्यांना एकच शिक्षा ठरवलीत. पण कारण एक नाही. कुणाला थोडी हवीत, कुणाला उशिरा हवीत, कुणाला हवी असून देवानं दिली नाहीत. माझी लेक त्यांतलीच, तेव्हा मी तिच्यासाठी बोलतोय असं वाटलं तर वाटू द्या. गडावर चला आणि स्वतः विचारा."

राजा उठला, घोडा मागवला आणि दवंडीवाल्यालाही बरोबर घेऊन थेट गडावर गेला. डोक्यावर दगड घेऊन चाललेल्या एका तरुणाला त्यानं थांबवलं आणि विचारलं, "बायकोला शेवटचं कधी भेटलास?"

"गौरी-गणपतीला, महाराज," तो म्हणाला. "मुलगी झाल्याचा निरोप आलाय. अजून तोंड पाहिलं नाही तिचं."

राजानं पुढे होऊन त्याच्या डोक्यावरचा दगड स्वतःच्या हातांनी उतरवला. राजा उतावळा खरा, पण दगडाच्या काळजाचा नव्हता. पस्तावलाही तितक्याच उतावळेपणानं. तिथूनच त्यानं दवंडीवाल्याला नवा हुकूम देऊन पिटाळलं.

रंगोपंत पायी लेकीच्या गावाला निघाले, पण दवंडीवाला त्यांच्या आधीच तिथं पोचला होता. ढोलक्याचा आवाज आला तशी द्वारका चुलीपुढून उठून अंगणात आली. सवतीच्या हुकमाची बातमी तिच्या कानावर आली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सदाशिवनं सगळ्या आळीदेखत तिचा हात घट्ट धरला. एरवी बायकोकडे चारचौघांत मान वर करून न बघणारा माणूस तो!

"ऐका होऽ ऐका! गडाची वेठ आजपासून बंद होऽ! गडावरची माणसं आजच घरी येणार होऽ! ज्याला मजुरी हवी त्यानं आपल्या खुशीनं जावं! आणि कुणी लग्न कधी करावं, कुणाच्या घरी पाळणा कधी हलावा, हलावा की न हलावा, हे ज्याचं त्यानं ठरवावं! सरकारनं ते विचारायचं नाही होऽ!"

सगळ्या आळीनं हुश्श केलं. कुणी हसू लागलं, कुणी रडू लागलं. द्वारका मटकन अंगणातच बसली. तेवढ्यात तिनं नाक वर करून वास घेतला आणि किंचाळली, "अगं बाई, माझा भात!"

रंगोपंत पोचले तोवर भात पार करपला होता. त्यांनी हातपाय धुतले, लेक-जावयाच्या मध्ये पाट मांडला आणि तोच भात ताकाबरोबर दोनदा मागून घेतला. कित्येक दिवसांनी त्यांना अन्न गोड लागलं.

तात्पर्य: लोकांच्या घरात काय कमी आहे ते बाहेरून मोजून कळत नाही, आधी त्यांचं ऐकावं, आणि दोष आपलाच निघाला तर हुकूम त्यांच्यावर नव्हे, आपल्यावर बजावावा.