भिवराबाईने मोजलेली सावली

फार वर्षांपूर्वी, करंजपेठेच्या नदीवर पूलसुद्धा नव्हता, तेव्हाची गोष्ट. शहराच्या पश्चिम वेशीबाहेर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने कडुनिंब होते आणि त्यांच्याखाली भिवराबाई नावाची कोळीण पाणपोई चालवायची. साठी उलटली तरी नदीचं पाणी ती डोक्यावरून आणायची. तिच्या रांजणापाशी येऊन कुणी तहानलेला परत गेला नाही, असं म्हणतात.

एका वैशाखात शहराच्या कारभाऱ्याला नव्या कचेरीसाठी लाकूड हवं झालं. त्याच्या सुताराने दोरीने एकेका झाडाचा घेर मोजला आणि तुळया किती, चौकटी किती ते सांगून तो मोकळा झाला. भिवराबाई तडक कारभाऱ्याकडे गेली. झाडं गेली तर उन्हातून येणाऱ्यांना आपण एकटी पुरी पडणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"सरकार, ह्यानं लाकूड मोजलं," ती कारभाऱ्याला म्हणाली. "झाड मोजायचं ऱ्हायलंच की."

"मग तू मोज बाई," कारभारी हसला.

बाजाराच्या दिवशी तिने दुसरा रांजण पूर्वेच्या वेशीबाहेर मांडला. तिथली झाडं आधीच तोडली होती. दोन्ही रस्त्यांनी माणसं सारखीच आली. दुपारपर्यंत सावलीतला रांजण निम्माही सरला नाही, उन्हातला मात्र तिला सहा वेळा भरावा लागला.

"नदीत पाण्याला काय तोटा?" पूर्वेच्या वेशीवर बघायला आलेला कारभारी म्हणाला.

"तोटा न्हाई, पर आनायचं कुनी?"

कारभारी हट्टाला पेटला. त्याने तिच्या हातातला हंडा ओढून घेतला आणि तिसऱ्या खेपेला घेरी येऊन पडला. भिवराबाईने त्याला एकटीने पाठीवर घेतलं, अख्खं शहर ओलांडलं आणि कडुनिंबाखाली निजवलं. सूर्य कलला, तरी त्याच्यावरची सावली तसूभर सरकली नाही, असं म्हणतात. शुद्धीवर येताच त्याने सुताराला घरी पाठवलं.

तिकडचा रांजण रिकामा पडला असेल, म्हणून भिवराबाई तशीच पूर्वेला निघाली. ती पुन्हा कुणाला दिसली नाही. रांजण मात्र काठोकाठ भरलेला सापडला, असं म्हणतात.

करंजपेठेत आजही ज्याला झाड तोडायचं असेल, त्याने वैशाखातल्या बाजाराला पूर्वेच्या वेशीवर भिवराबाईच्या नावाचा रांजण दिवसभर भरलेला ठेवायचा, तोही डोक्यावरून पाणी वाहून. मध्यंतरी रस्ता रुंद करायला एक ठेकेदार आला. त्याने टँकर आणला, लोकांनी तो परत पाठवला. मग बिचाऱ्याने हंडा उचलला. पश्चिमेचा रस्ता आता कडुनिंबांना वळसा घालून जातो, तो त्यानेच बांधला.