दहा शंखांचे दार

एका राज्यात दारांना शाप लागला होता. जो कोणी माल विकायला दारावर पाटी लावी, त्याचे दार पाटीवर ज्या नाण्यात किंमत असेल त्याच नाण्याच्या लोकांना दिसे. बाकीच्यांना तिथे नुसती भिंत. पाटी तीनदाच लिहिता येई आणि तिसरे लिहिणे कायमचे. राजाने उपाय शोधायला तीन ज्योतिषी बसवले. तिघे महिनाभर जेवले आणि ग्रहांना नावे ठेवून गेले.

त्या राज्यात समुद्राकाठी सुवेणी राहत होती. लग्नाला चार महिने झाले होते, त्यातले तीन नवरा जलधर गलबतावर होता. सासरी तिसरे माणूस नव्हते. सुवेणी मंत्र लिही. ना कुणा गुरूचा मठ, ना दरबारची चाकरी. आपली चूल, आपले भूर्जपत्र. तिचा मंत्र पातेल्याला बांधला, की दूध उतू जायच्या क्षणी पातेले ज्याचे त्याला नावाने हाक मारी.

मंत्र बिनचूक उतरावा म्हणून ती रोज दूध तापवी. "सुवेणी, अगं सुवेणी!" पातेले ओरडे. दिवसभरात तिला नावाने हाक मारणारे तेवढे एकच होते.

पहिल्यांदा तिने पाटीवर लिहिले: दहा मोर. मोर म्हणजे त्या राज्याचे तांब्याचे नाणे. शेजारची चंपाक्का पदर खोचून आली.

"दहा मोर? अगं, तुझ्या मंत्राच्या नकला फुंकरीसरशी निघतात. हवेचे कसले पैसे?"

"लिहायला तीन महिने लागले, आक्का."

"ते तेव्हा लागले. आता झाला ना लिहून?"

दोन शेवग्याच्या शेंगा उंबऱ्यावर ठेवून ती मंत्र घेऊन गेली. तिचे बघून आळीने तोच भाव धरला. महिनाभरात सुवेणीने शेवग्याचे होतील तेवढे प्रकार केले, आणि कणगीचा तळ दिसला.

तेव्हा खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. पक्ष्यांना नाणे नसते, म्हणून त्यांना सगळी दारे दिसतात.

"समुद्रापलीकडे सोन्याचा सिंह चालतो," धनेश म्हणाला. "तिकडचे लोक घंगाळातल्या पाण्यात दूरची दारे बघतात. सिंहात लिही. ने-आण मी करीन."

तिने लिहिले: दहा सिंह. धनेश चोचीतून नाणी आणू लागला, मंत्र नेऊ लागला. तिकडच्या सम्राटाचे पोट दुखले की सिंहाचा भाव पडे, त्याला ढेकर आली की चढे. तरी त्याच पैशांचे धान्य धनेशाकडून मागवून कणगी भरली. पण जे दार दिसत नाही, त्यातून बाहेर पडलेले माणूसही दिसत नाही, की ऐकू येत नाही. विहिरीवर बायका तिच्या पायांवर पाणी ओतून निघून गेल्या. हळदीकुंकवाचे बोलावणे आले नाही. एके सकाळी बाहेर थप थप ऐकू आले. भिंतच आहे असे समजून चंपाक्का तिच्या दारावर गोवऱ्या थापत होती.

सुवेणीने आतून दाराला हात लावला. दार शेणाने गार लागत होते.

पुढच्या खेपेला धनेश म्हणाला, "जलधराचे गलबत परवा किनाऱ्याला लागते. त्याच्या कनवटीला मोर आहेत."

"मोर लिहिले तर त्याला घर दिसेल, पण चूल पेटणार नाही. मग तो पुन्हा गलबतावर. दोन्ही नाणी लिहू?"

"वरच्या आळीतल्या कुंभाराने लिहिली. इकडच्यांना नुसता उंबरा दिसतो, तिकडच्यांना कडी. गिऱ्हाईक एकही नाही."

"हा शाप दिला तरी कोणी?"

"मिठागरापलीकडच्या मांत्रिकाने. त्याचे राज्य समुद्राने गिळले. शंखाचे नाणे घेऊन तो इथल्या बाजारात ताक प्यायला आला. 'असले किनाऱ्यावर पसाभर मिळतात,' म्हणून बाजार हसला. तो तहानलेलाच उठला आणि शाप देऊन गेला. शंखात किंमत लिहिली तर शाप सुटेल म्हणतात. पण शंखाचा माणूस तो एकटाच उरला आहे."

"आणि तो आलाच नाही तर?"

धनेशाने खिडकीच्या चौकटीला चोच घासली. "माझी बायको दरसाल ढोलीत स्वतःला चिणून घेते. फट तेवढी ठेवते. मी घास घेऊन येईन, असे धरून चालते."

"येता?"

"अजून चुकलो नाही."

सुवेणीने पाटी पुसली आणि तिसऱ्यांदा लिहिले: दहा शंख. घंगाळांतूनही तिचे दार पुसले गेले. एक दिवस कोणी आले नाही. तिने दूध तापवले, हाक ऐकली, दूध उतरवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारात एक म्हातारा उभा राहिला.

"हे दार मला दिसते आहे," तो म्हणाला.

"दिसायचेच. आत या. आधी ताक घ्या."

तो तीन भांडी ताक प्यायला. मग म्हणाला, "शंख चालेल?"

"पाटीवर तेच लिहिले आहे. तुमच्याकडे एका शंखाला काय येई?"

"शेरभर दूध."

त्याने दहा शंख ठेवले. सुवेणीने भूर्जपत्र पुढे ओढले. "नाव सांगा."

"कशाला?"

"पातेल्याने हाक कोणाला मारायची?"

म्हातारा आठवू लागला. चुलीतले लाकूड अर्धे जळाले.

"नीलकेश," तो म्हणाला. केस पांढरेफेक होते. "सत्तर वर्षांत कोणी विचारले नाही."

तिने मंत्र बांधून दूध चुलीवर ठेवले. साय थरथरली, दूध वर आले. "नीलकेश, अरे नीलकेश!" पातेले ओरडले.

"आलो, आलो," मांत्रिक म्हणाला, लहानपणी आईला म्हणत असेल तसे, आणि डोळे पुसत उठला. त्याच क्षणी बाहेर गोवऱ्या धपाधप खाली पडल्या.

"अगोबाई! इथे दार होते होय?" चंपाक्का म्हणाली.

राज्यातली सगळी दारे सगळ्यांना दिसू लागली. राजाने दवंडी पिटली आणि श्रेय ज्योतिष्यांना दिले. सुवेणीची पाटी मात्र पुसता येईना. ती शंखातच राहिली. एक शंख म्हणजे ज्याच्या त्याच्या गावातले शेरभर दूध. त्याचे जे होईल ते ज्याने त्याने आपल्या नाण्यात द्यावे. पलीकडचे सिंह देऊ लागले. चंपाक्कानेही कुरकुरत मोर मोजले, त्यातून दोन शेंगांचे कापून घेतले.

शाप सुटला त्याच संध्याकाळी सुवेणीने दूध चुलीवर ठेवले होते.

"सुवेणी, अगं सुवेणी!" पातेले ओरडले.

"सुवेणी!" दारातून हाक आली.

ती दाराकडे धावली. दूध उतू गेले.